पीसी ओव्हरक्लॉक करू का? आधी मे महिन्यातली दुपार आठव

विचारणारा नाशिकच्या सिडकोत राहणारा इंजिनिअरिंगचा मुलगा आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, प्रोसेसरच्या डब्यात आलेलाच कूलर. खेळतो जास्त करून व्हॅलोरंट, अधूनमधून सायबरपंक. प्रश्न असा की "दादा, व्हिडिओ बघून ४.७ गिगाहर्ट्झला ओव्हरक्लॉक करू का, एफपीएस किती वाढतील, आणि काही जळणार तर नाही ना, कारण पप्पा दुसरा पीसी घेऊन देणार नाहीत." ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, आणि एफपीएस म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम.

मित्रा, शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो कारण खरा प्रश्न तोच आहे. प्रोसेसर सहसा जळणार नाही. आताचे प्रोसेसर गरम झाले की स्वतःच क्लॉक म्हणजे वेग खाली आणतात, त्याहून गरम झाले तर पीसी सरळ बंद पडतो. जळतं ते आजूबाजूचं, म्हणजे बोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) वगैरे, आणि प्रोसेसर सहसा जळत नाही पण झिजतो, त्यावर येतोच पुढे. पण तुला जे पाहिजे ते ४.७ मधून मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, आणि मी काही भित्रा माणूस नाही, नाशकात वीसेक वर्षं पीसी जोडतोय आणि त्यातली निम्मी वर्षं स्वतःच्या पैशाने सामान बिघडवण्यात गेली आहेत.

ओव्हरक्लॉकिंगचं जे वेड आहे ना ते जुन्या काळातून आलंय आणि त्या काळात ते खरंच फायद्याचं होतं. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घे, ३०० मेगाहर्ट्झचा, बस, म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसरमधली वाट, ६६ ची १०० केली की तोच ४५० ला चालायचा, फुकटात दीडपट. माझा स्वतःचा पहिला पेंटियम ड्युअल कोर ई२१६०, १.८ गिगाहर्ट्झचा, एफएसबी म्हणजे तीच बस २०० वरून ३०० केली आणि २.७ ला चालला, कूलर तोच, व्होल्टेज जवळपास तेच. त्या रात्री मी झोपलोच नाही. मग २०११ चा आय५ २५००के, तो ३.३ चा, माणूस डोळे झाकून ४.५ करायचा. हे का शक्य व्हायचं, तर कंपनी एकाच चिपला खालचा आकडा छापून स्वस्तात विकायची, आणि चिपमध्ये जो दम शिल्लक असायचा तो आपण काढून घ्यायचो.

आता तो दम कंपनीच काढून घेते. तुझा ५६०० पेटीवर ३.५ चा आहे पण बूस्ट ४.४ पर्यंत स्वतःच जातो, तापमान, करंट, व्होल्टेज बघून सेकंदाला कितीतरी वेळा क्लॉक बदलत असतो. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग आता प्रोसेसर स्वतः करतो. तू हाताने ४.७ ला फिक्स करायला गेलास तर सहाही कोअर, म्हणजे आतले छोटे प्रोसेसर, तिथे धरायला जे व्होल्टेज लागेल ते तुझ्या त्या छोट्या कूलरला झेपणार नाही, आणि नुसतं डेस्कटॉप उघडं ठेवून चहा प्यायला गेलास तरी क्लॉक आणि व्होल्टेज वरच अडकून बसतील. लोकं हे करतात, बेंचमार्कचा फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप परत ऑटोवर आणतात, माझ्याकडे येऊन कबूल करतात.

गणित साधं आहे. चिपची उष्णता क्लॉकच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समज १.२ व्होल्टवर ४.२ चालतंय आणि ४.६ साठी तुला १.३५ लागले. क्लॉक वाढला साडेनऊ टक्के. उष्णता किती, तर १.३५ भागिले १.२ चा वर्ग म्हणजे १.२७ च्या आसपास, गुणिले १.०९५, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के जास्त. साडेनऊ टक्क्यांसाठी ३९ टक्के उष्णता, आणि ते साडेनऊ टक्के पण गेममध्ये पूर्ण दिसत नाहीत कारण रॅम काही तेवढी फास्ट झालेली नसते.

आता नाशिकचं. लोकांना वाटतं नाशिक थंड, आणि जानेवारीत ते खरंही आहे. मागे निफाडकडचा एक पोरगा यायचा. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पारा कुठे जातो माहितीय तुला, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. तर बाहेर वडील बागेत धूर करतायत आणि हा आत खिडकी उघडी ठेवून त्याच थंडीवर प्रोसेसर ताणतोय. रात्रभर टेस्ट पास, ७४ डिग्री, मला मेसेजवर मेसेज. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पीसी घेऊन हजर, "दादा, गेम चालू केला की दहा मिनिटात रिस्टार्ट." काहीच बिघडलं नव्हतं. जानेवारीत खोली १८ ला होती, एप्रिलमध्ये ३६ ला, कूलर फक्त खोलीपेक्षा किती वर एवढंच ठरवतो, खोली १८ ने वाढली की प्रोसेसर पण साधारण तेवढाच वाढतो. ७४ चे ९२. हिशोब संपला. तुझी खोली वरच्या मजल्यावर असेल, त्यातून वर पत्रा असेल, तर मे महिन्यात रात्री अकराला पण ती तापलेलीच असते. म्हणून माझ्याकडे नियम आहे, थंडीत लावलेली सेटिंग मी पक्की धरतच नाही. दुपारी तीन वाजता, पंखा बंद, कॅबिनेटची दोन्ही झाकणं लावून जे टिकतं ते खरं.

धुळीचं पण सांगतो, कारण अर्ध्या लोकांचा ओव्हरक्लॉक धुळीत जातो. अंबडकडून येणारे पीसी मी उघडायच्या आधी ओळखतो. तिकडे वर्कशॉपच्या हवेत तेलाचा अंश असतो, त्यामुळे धूळ सुटी राहत नाही, हीटसिंकच्या पात्यांवर गोधडीसारखी बसते, ब्लोअरने उडतच नाही, ब्रशने खरवडून काढावी लागते. पंचवटीतून एक आलेला, तो देवघराशेजारी ठेवलेला, रोजच्या धूप-उदबत्तीचा तपकिरी चिकट थर पंख्याच्या पात्यांवर, वास पण यायचा, छान वास. तो साफ केला, कूलरखालची पेस्ट बदलली आणि तापमान १४ डिग्रीने खाली आलं. त्या माणसाने आधी महिनाभर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, काय काय करून पाहिलेलं.

आता झिजण्याचं. चिपमधल्या तारा इतक्या बारीक असतात की जास्त करंट आणि जास्त तापमान असलं की इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने धातूचे अणूच हळूहळू सरकतात, त्याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. आज दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी दिसतं, जो क्लॉक आरामात चालायचा त्यालाच थोडं जास्त व्होल्टेज लागायला लागतं, मग अजून थोडं, आणि हा रस्ता एकाच दिशेने जातो. व्होल्टेज काय करू शकतं हे बघायचं असेल तर इंटेलचं १३ आणि १४ व्या पिढीचं प्रकरण आठव. लोकांनी काही न छेडता प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले, मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता असं निघालं, ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ नावाचा मायक्रोकोड काढला आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. एएमडीकडे पण २०२३ मध्ये एएम५ सॉकेटचे काही एक्स३डी नावाचे प्रोसेसर बोर्डावर भाजले, मग प्रोसेसरच्या एसओसी नावाच्या भागाच्या व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. म्हणजे कंपन्यांचे इंजिनिअर बसून ठरवतात तरी असं होतं, आणि आपण रात्री दोनला व्हिडिओ बघून आकडे टाकतो.

माझं स्वतःचं पण ऐक म्हणजे मी फक्त दुसऱ्यांनाच हसतोय असं नको वाटायला. एएमडीचा एफएक्स ८३५० प्रोसेसर होता माझ्याकडे, १२५ वॅटचा तापट माणूस. पैसे वाचवायला बोर्ड घेतला हलका, कंपनीचं नाव नाही घेत, चूक माझीच होती. व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंकच नव्हता. प्रोसेसरवर मोठा कूलर लावलेला, त्याचं तापमान मस्त, म्हणून ४.६ ला टाकला आणि खूश. दोन महिने चाललं. मग एका संध्याकाळी प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास, मला वाटलं शेजारी कुणी वायर जाळतंय, खिडकी लावून घेतली, वास वाढला. स्क्रीन गेली. बोर्ड काढून उलटा केला तर सॉकेटच्या डावीकडे मॉसफेटच्या, म्हणजे व्हीआरएममधल्या चिपच्या, मागे पीसीबी म्हणजे बोर्डाची पाटी काळपट तपकिरी, पापडासारखी फुगलेली. प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावला, ठणठणीत. तेव्हापासून मी आधी व्हीआरएमला बोट लावून बघतो, प्रोसेसरचा आकडा नंतर. बी४५० मध्ये पण असे हलके बोर्ड आहेत बरं का, तुझ्यावर व्हीआरएमला हीटसिंक आहे का ते आधी बघ. ५६०० साधा ७६ वॅटमध्ये चालतो म्हणून तसाही तू वाचशील.

पण खरं नुकसान मी बघितलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एक फोटोग्राफर, दिवसा लग्नाचे फोटो, रात्री गेम. रॅम ३८०० ला ताणलेली, टायमिंग घट्ट केलेले, गेम एकदम स्मूद, एक क्रॅश नाही. आणि एक्सपोर्ट केलेल्या फोटोंमध्ये मधूनच राखाडी पट्टे, काही फाईल उघडतच नाहीत. त्याने हार्ड डिस्क बदलली, मग दुसरी घेतली. शेवटी मी मेमटेस्ट, म्हणजे रॅमची टेस्ट, लावला तर लाल ओळींचा पाऊस. रॅम चुकीचा बिट देते आणि विंडोज तो इमानदारीने डिस्कवर लिहून ठेवतं, कुणाला काही कळत नाही. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे ओरिजिनल होते म्हणून तो वाचला. तुझं सबमिशन, प्रोजेक्ट त्याच पीसीवर असेल तर रॅमशी खेळण्याआधी ते पेनड्राइव्हवर टाक, आजच.

आता तुझ्या फायद्याचं. आधी बघ की तुझी अडचण नेमकी कुठे आहे. आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाक, गेमवर जीपीयूचा म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा वापर दिसेल असं लाव. सायबरपंकमध्ये तो ९७-९९ दाखवेल, म्हणजे कार्ड पूर्ण राबतंय आणि प्रोसेसर त्याची वाट बघतोय, तिथे ५६०० ला ४.७ काय ५.७ केलंस तरी एक फ्रेम वाढणार नाही. व्हॅलोरंटमध्ये उलटं, कार्ड अर्धं रिकामं आणि सगळा भार प्रोसेसर-रॅमवर. पण तिथे तुला आधीच दोनशेच्या वर मिळत असतील, आणि तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा ते तू लिहिलंच नाहीस, ७५ चा असेल तर हा सगळा उद्योग सोड आणि मॉनिटरसाठी पैसे साठव.

पहिली गोष्ट रॅम. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्स, मेमरी, स्पीड काय लिहिलाय बघ. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार-पाच पीसीत ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालू असते, माणसाने पैसे दिलेत ३२०० चे. बायोसमध्ये एक्सएमपी, कुठे डीओसीपी नाव असतं, ते चालू करायचं. तांत्रिकदृष्ट्या हे पण ओव्हरक्लॉकिंगच आहे, व्होल्टेज १.२ चं १.३५ होतं, पण रॅम त्याच आकड्यावर टेस्ट करून विकलेली असते. आणि १६ जीबीची एकच स्टिक असेल तर तो मोठा घोळ आहे, दोन आठच्या पाहिजेत, एका स्टिकवर रायझन म्हणजे दोन बैलांच्या गाडीला एकच बैल. व्हॅलोरंटमध्ये जे झटके बसतात ते याने कमी होतात, सरासरी आकड्यापेक्षा हे जास्त जाणवतं.

दुसरं, प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवायच्या ऐवजी कमी कर. बायोस नवा असेल तर पीबीओमध्ये, म्हणजे एएमडीच्या ऑटो ओव्हरक्लॉकच्या सेटिंगमध्ये, कर्व्ह ऑप्टिमायझर असतो, त्याने कोअरचं व्होल्टेज कमी करता येतं. पीबीओच्या लिमिट वाढवू नकोस, ७६ वॅटच राहू दे, फक्त सगळ्या कोअरला निगेटिव्ह १० दे. तेवढ्याच वॅटमध्ये तोच प्रोसेसर थोडा थंड आणि थोडा जास्त क्लॉकला चालतो. मग १५, मग २०. व्हिडिओवाले सगळे ३० सांगतात, त्यांची चिप वेगळी तुझी वेगळी, लॉटरी आहे ती. आणि यातली गंमत अशी की हे चुकलं तर जड टेस्टमध्ये कळत नाही. प्राईम९५ रात्रभर चालेल, सिनेबेंच पास होईल, आणि सकाळी तू ब्राउझर उघडून बसलास की पीसी फट्कन रिस्टार्ट. कारण एकच कोअर सगळ्यात वरच्या क्लॉकला जातो तेव्हा व्होल्टेज कमी पडतं, सगळे कोअर राबत असताना क्लॉक तसाही खाली असतो. तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जा, डब्ल्यूएचईए लॉगर, इव्हेंट १८ शोध, त्यात एपीआयसी आयडी लिहिलेला असतो, त्याला दोनने भाग की सहसा कोअर नंबर मिळतो, शून्यापासून मोजायचं. ६ असेल तर कोअर ३. फक्त त्याच कोअरला पाचने मागे घे. कोअरसायक्लर म्हणून एक फुकट स्क्रिप्ट आहे, एकेक कोअर वेगळा तपासते, ती झोपायच्या आधी लावून ठेव.

तिसरं कार्ड. इथे दोन रस्ते. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट पूर्ण, कोअर प्लस १०० च्या आसपास, मेमरी प्लस ५०० पासून पुढे शंभरशंभरने, यातून सायबरपंकमध्ये पाचेक टक्के निघतील, म्हणजे ६० चे ६३. मेमरी खूप ताणलीस तर क्रॅश व्हायच्या आधीच एफपीएस उलटे कमी व्हायला लागतात, म्हणून प्रत्येक पायरीला आकडा लिहून ठेव, नुसतं क्रॅश झालं नाही म्हणजे बरं असं नसतं. दुसरा रस्ता अंडरव्होल्टचा, मला हाच आवडतो. कंट्रोल एफ दाबलं की व्होल्टेज-क्लॉकचा कर्व्ह उघडतो, ९०० मिलीव्होल्टचा ठिपका धरून १८५० मेगाहर्ट्झला आण, त्यापुढचं सगळं सपाट कर, टिक मार. माझ्याकडच्या एका ३०६० ला हे केलं तर १७० वॅटच्या कार्डाने १३०-१३५ च्या आसपास काम केलं, एफपीएस दोन-तीन टक्के इकडेतिकडे, आणि पंख्याचा आवाज असा कमी झाला की आईला वाटलं मी पीसी बंद केला. मे महिन्यात त्या खोलीत बसणारा माणूस तूच आहेस, कार्डाचे १७० वॅट शेवटी तुझ्याच अंगावर येतात.

मधेच आठवलं, घरात कुणाचा लॅपटॉप असेल आणि त्यावर हे करायला जाशील तर बऱ्याच मॉडेलवर व्होल्टेजचा पर्याय बंदच दिसेल. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची भानगड निघाली, मग कंपन्यांनी बायोस अपडेटने ते कुलूपबंद केलं. डोकं आपटू नकोस.

वॉरंटी. पीबीओ किंवा कुठल्याही ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. दुकानदार तुला म्हणेल कुणाला कळतंय, आणि बऱ्याचदा कळत नाही हेही खरंय, पण काळी पडलेली पीसीबी लपत नाही.

आणि लाईट. हे व्हिडिओत कुणी सांगत नाही कारण त्यांच्याकडे जात नसेल. पावसाळ्यात जरा वारा सुटला की आपल्याकडे लाईट जाते-येते. बायोस अपडेट चालू असताना गेली तर बोर्ड मेला, नुसती वीट. म्हणून यूपीएस नसेल तर बायोस अपडेटला हात लावू नकोस, मित्राचा आण दोन तासांसाठी. एसएमपीएस कुठला आहे तेही बघ, ३०६० ला ५५० वॅट सांगतात पण स्टिकरवर ५५० लिहिलेला आणि हातात घेतला तर कागदासारखा हलका असे पण विकले जातात. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातल्या स्विचबोर्डाचं अर्थिंग बघायला वायरमन आधी बोलाव, बाकी सगळं नंतर.

पैसे खर्च करायचेच असतील तर दोन-अडीच हजारात चार पाइपवाला साधा टॉवर कूलर येतो, एमजी रोडला दोन-तीन दुकानात विचार, भाव फिरतो. तो लावलास की बायोसमध्ये काही न करता प्रोसेसर वरचा बूस्ट जास्त वेळ धरेल.

तर तू असं कर. आधी रॅमचा स्पीड आणि स्टिक किती ते बघ. मग एचडब्ल्यूइन्फो, म्हणजे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू ठेवून दुपारी अर्धा तास गेम खेळ, प्रोसेसरचं सगळ्यात जास्त तापमान, जीपीयूचा हॉटस्पॉट (त्याची सगळ्यात तापलेली जागा) आणि खोलीचं तापमान असे तीन आकडे लिहून ठेव. खोलीचं नाही लिहिलंस तर बाकीच्या दोघांचा मला काही उपयोग नाही. ते पाठव, मग निगेटिव्ह १० वर थांबायचं की २० पर्यंत जायचं ते बघू. आणि बायोसमध्ये काही चुकून स्क्रीन आलीच नाही तर घाबरून रिक्षात घालून आणू नकोस, वायर काढ, बोर्डावरचा गोल सेल दहा मिनिटं बाहेर ठेव, परत लाव, येईल.